लोइकशेजारची जागा

केरगान, ४ नोव्हेंबर २०१९

सोआझिग,

शुक्रवारी संध्याकाळी आई कुट्टूची धिरडी घालायची आणि आपण दोघी चुलीजवळच्या बाकावर पाय हलवत बसायचो, आठवतं? पहिलं धिरडं नेहमी फाटायचं. ते तुला मिळायचं, कारण तू धाकटी आणि तुला धीर नव्हता. दुसरं माझं. तुझं संपलं की तू माझ्या धिरड्याची कुरकुरीत, जाळीदार कड हळूच तोडायचीस. शाळेतल्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी डोळे मिटून प्रार्थना म्हणत असायचे, त्यामुळे मला दिसत नाही असं तुला वाटायचं. मला दिसायचं. मी ताटली तुझ्या बाजूला वळवून ठेवायचे.

याची आठवण करून दिली ती लाडाने नव्हे. तुला दुसऱ्याच्या ताटातलं ओरबाडायची सवय किती जुनी आहे, ते मला माहीत आहे, एवढंच सांगायचं होतं.

परवाच्या शुक्रवारी, सर्व संतांच्या दिवशी, तू वृद्धाश्रमात गेलीस. गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत गेलं होतं, मीही आपल्या छोट्या लोइकच्या कबरीपाशी होते. तू नेमकी ती वेळ साधलीस. आईला आंघोळ घालणारी नोल्वेन सगळं सांगत होती.

"तुमच्या बहिणीने त्यांच्या मांडीवर एका लहान मुलाचा फोटो ठेवला आणि मेणबत्ती लावली. मी म्हटलं, इथे मेणबत्ती चालत नाही. तर म्हणतात कशा, पूर्वजांना बल्बच्या उजेडात दिसत नाही."

"मग?"

"मग तुमच्या आईंना म्हणायला लावलं, 'लोइक, मला क्षमा कर, मी तुला पाण्यात जाऊ दिलं.' तीन वेळा. त्यांनी म्हटलं. मग पत्ते पिसून त्यांना कापायला दिले. कापलेला पत्ता बघून तुमच्या बहीणबाई म्हणाल्या, 'अजून नाही, आई. तो अजून नाही म्हणतोय.' आणि कोट चढवून गेल्या की निघून! मादाम, मी इथे नऊ वर्षं आहे, पण असं पाहिलं नव्हतं."

तेव्हापासून आई भिंतीकडे तोंड करून आहे. दुधातली कॉफी चार चमचे घेते, बस.

व्हान शहरातल्या त्या जुन्या गोठ्यात तू शनिवार-रविवार लोकांना पांढरे कपडे घालून बसवतेस, काढे पाजतेस आणि 'पूर्वजांच्या जखमा भरून स्वतःला फुलवा' म्हणतेस, त्यावर मी आजवर चकार शब्द काढला नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी फुलावं. पण एक्याण्णव वर्षांच्या बाईला मेलेल्या लेकराची माफी मागायला लावायची, आणि वर ती नामंजूर करायची?

आईचं या जगात एकच मागणं उरलंय. आपली कबर तिघांची. लोइक आहे, बाबा आहेत, लोइकच्या डाव्या हाताची जागा रिकामी आहे. बाबांनी जाताना कबरीचा कागद तुझ्या नावावर केला, म्हणून तुझ्या सहीशिवाय आईला तिथे ठेवता येत नाही. आणि सप्टेंबरमध्ये तू मला लिहिलंस, "ज्या बाईमुळे मूल गेलं तिला त्याच्या शेजारी झोपवलं तर घराण्याची जखम कधीच भरणार नाही. पत्ते हो म्हणेपर्यंत जागा मोकळी राहील." तू सही केली नाहीस तर आई नव्या दफनभूमीत जाईल, सुपरमार्केटच्या पार्किंगमागे, अनोळखी लोकांत.

त्या दिवशी काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. ओहोटी होती, आई कालवं निवडत होती, लोइक तिच्याबरोबर होता, तिचं लक्ष नव्हतं. मी घरात अभ्यास करत होते. यापलीकडे काही नाही. सत्तावन्न वर्षं झाली. सही कर.

मारिव्हॉन


१० नोव्हेंबर

सोआझिग,

तुझं पत्र मिळालं. पाकिटातून लॅव्हेंडरची फुलं सांडली, ती झाडून टाकली.

तू लिहितेस, "मी वीस वेळा विचारलं, सतरा वेळा इस्पिकची राणी आली. आणि ती साधी राणी नाही, मारिव्हॉन. बाबांनी ती स्वतःच्या हातांनी बनवली आहे. ज्या माणसाने तीस वर्षं तोंड उघडलं नाही, तो या पत्त्यातून आईकडे बोट दाखवतोय. तुला ऐकायचंच नाही."

ऐकते. आता तूही ऐक.

आपल्या घरात टॅरो म्हणजे पत्त्यांचा खेळ होता. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की बाबा, पोस्टमन आणि नाववाला फांश स्वयंपाकघरात बसायचे. अठ्ठ्याहत्तर पत्ते, त्यातले सहा मध्ये बाजूला ठेवायचे, त्यांना 'कुत्रा' म्हणायचे. "कुत्रा उचल रे, चावत नाही!" असं फांश दर डावाला ओरडायचा आणि दर डावाला स्वतःच हसायचा. तिथे कुणी मेलेल्यांशी बोलत नव्हतं. जिवंत माणसांशीच भांडून त्यांना फुरसत नसायची.

बाबांच्या त्या कॅटमधली, जो आता तुझ्याकडे आहे, इस्पिकची राणी मला फार आवडायची. तिच्या हातात फूल होतं आणि मान थोडी कललेली, सिस्टर आन्येससारखी. मी ती चोरून शाळेत नेली आणि प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली. सिस्टर आन्येसनाच ती सापडली. "देवाच्या पुस्तकात जुगार?" असं म्हणून त्यांनी राणी शेगडीत टाकली आणि मला झाकण धरून उभं केलं, ती पूर्ण जळेपर्यंत.

बाबा येत्या रविवारी पत्ते काढणार, या भीतीने मी नवी राणी केली. घरातल्या दुसऱ्या, बत्तीस पत्त्यांच्या साध्या कॅटमधली राणी घेतली. पण साधे पत्ते टॅरोच्या पत्त्यांहून आखूड असतात, हे तुलाही माहीत असायला हवं, तुझा धंदाच आहे तो. म्हणून जाड पुठ्ठा लांबीला कापला, पिठाची खळ करून राणी त्याच्यावर चिकटवली, मागे कागद लावून त्यावर शाईने निळ्या चौकड्या काढल्या. बाबांचा हात तिला कधीही लागलेला नाही. ती माझी आहे.

आणि ती इतर पत्त्यांच्या तिप्पट जाड आहे, बाई! कितीही पिस, कापताना अंगठा तिच्याशीच अडकतो. वीसपैकी सतरा वेळा आली याचं मला नवल नाही, तीन वेळा कशी चुकली याचं आहे. डोळे मिटून करून बघ. मग तुझ्या गोठ्यातल्या त्या सगळ्या रडणाऱ्या लोकांना पैसे परत कर, आणि मला सही पाठव.

कधी केली ते विचारू नको. लहानपणी केली. तारखा कोण लक्षात ठेवतं?

आईने काल दोन चमचे सूप घेतलं. नोल्वेनने गाणं म्हणून भरवलं.

मारिव्हॉन


१७ नोव्हेंबर

सोआझिग,

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी खिडकीचे पडदे लावत होते. तू नमस्कारसुद्धा केला नाहीस.

"पत्ता कोमट पाण्यात ठेवला. कागद सुटला. आत दुकानाचा शिक्का आहे, मारिव्हॉन, आणि माप. सव्वीस. मुलाचे, तपकिरी."

मी अर्धवट लावलेला पडदा सोडून दिला.

"हा लोइकच्या बुटांचा खोका आहे."

मी फोन ठेवला. नंतर सहा वेळा वाजला, ते मोजत खुर्चीत बसून होते.

तू पाच वर्षांची होतीस आणि गोवर आला म्हणून धर्ममातेच्या घरी होतीस, तरी ते बूट तुला आठवले. अर्थातच आठवले. मंगळवारी आणले, गुरुवारी तो गेला, शनिवारी त्याला त्यातच पुरला. त्या तीन दिवसांआधी तो खोका आपल्या घरात नव्हता, आणि त्यानंतर बाबांनी पत्ते कपाटाच्या खणात टाकले ते कधी काढले नाहीत. तारीख तू बरोबर काढलीस. लबाडीतून का होईना, तुझ्या पत्त्यांनी शेवटी खरं बोलून दाखवलं. तुला आनंद झाला असेल.

तर मग वाच.

गुरुवारी शाळेला सुट्टी असायची. त्या दिवशी मोठी ओहोटी होती, आणि ओहोटी कुणासाठी थांबत नाही, आईला पाण्यात उतरावंच लागायचं. जाताना तिने रबरी बूट चढवत मला सांगितलं, "मारिव्हॉन, लोइककडे बघ. हौदाचं फाटक लावलंय, पण कडी उंचावर नाही, त्याचा हात पोचतो, नीट लक्ष दे." मी म्हटलं, "हो आई."

मी दहा वर्षांची होते. दहा वर्षांच्या मुलीला कळतं.

लोइक टेबलाखाली नव्या बुटांनी ठकठक करत होता. मी खळ केली होती. त्याने दोनदा माझा हात ओढला. "मान, बघ ना, मान." त्याला माझं पूर्ण नाव घेता यायचं नाही. मी म्हटलं, "जा, बाहेर खेळ, माझी चौकडी चुकते." असं म्हटलं, सोआझिग. तो आपोआप निसटला नाही. मी त्याला बाहेर घालवला.

चौकड्या पूर्ण केल्या. पत्ता जड पुस्तकाखाली दाबला. मग ठकठक ऐकू येत नाही हे लक्षात आलं.

कालवं धुण्याच्या त्या हौदात पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. मीच त्याला वर काढला. ओहोटीवरून परतलेली आई कालवांच्या शेडकडून धावत आली, आणि त्याला कुशीत घेऊन ती काय करते म्हणून मी बघत होते, तर तिने आधी माझे हात धरले. बोटांना खळ होती. तिने ते हात हौदात बुडवले आणि चोळून चोळून धुतले, लोइक तिच्या मांडीवर असताना. आणि म्हणाली, "तू घरात होतीस. अभ्यास करत होतीस. लोइक माझ्याबरोबर होता. म्हण." मी म्हटलं. "परत." तीन वेळा म्हणवून घेतलं, धर्मशिक्षणाचा धडा घेतात तसं. मग ती किंचाळली, आणि मग लोक आले.

पोलिसांना तेच, फादरांना तेच, बाबांना तेच. बाबा त्यानंतर आईशी 'मीठ दे' आणि 'दार लाव' याखेरीज बोलले नाहीत. तू त्या घरात वाढलीस, तुला कुणी काही सांगितलं नाही. तू पत्त्यांना विचारत गेलीस, कारण माणसांनी उत्तर दिलं नसतं. एवढंच मी तुझ्या बाजूने बोलू शकते, आणि तेही बोलताना माझे दात आवळलेले आहेत.

कारण तू विचारलंस तेव्हा आईचं वय एक्याण्णव होतं, आणि तुझ्या मेणबत्तीसमोरसुद्धा तिने मला झाकलं. 'मी तुला पाण्यात जाऊ दिलं' असं तीन वेळा ती म्हणाली. नोल्वेनने सांगितलं तेव्हापासून मी मोजतेय, तीन वेळा.

तुझी राणी आई नाही. मी आहे. आता सही कर. मला हवी ती शिक्षा तू ठरव, तुझ्या पत्त्यांना विचारून ठरव, पण आधी सही.

मारिव्हॉन


२६ नोव्हेंबर

सोआझिग,

तुझ्याकडून काही नाही. ना फोन ना कागद. ठीक आहे.

काल मी आईला सांगितलं. आधी ठरवलं होतं की फादरांना बरोबर न्यावं, मग वाटलं, अजून किती जणांच्या आडोशाला उभी राहणार?

ती भिंतीकडेच वळलेली होती. मी खुर्ची पलंग आणि भिंत यांच्यामध्ये कोंबली, म्हणजे तिला दुसरीकडे बघता येणार नाही.

"आई, मी त्या दिवशी अभ्यास करत नव्हते."

"माहितेय. तुझी वही कोरी होती. मीच नंतर तीत दोन ओळी खरडल्या, पोलीस बघतील म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. मी जळालेल्या राणीचं सांगितलं, पुठ्ठ्याचं सांगितलं, लोइकला बाहेर घालवल्याचंही सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली,

"पत्त्यासाठी?"

"हो. बाबांना कळलं असतं म्हणून."

"तुझ्या बाबांना!" ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, खोकला येईपर्यंत. "अगं, त्यांना इस्पिक आणि किलवर यांतला फरक कळायचा नाही. फांश त्यांना टेबलाखालून लाथ मारून सांगायचा. सत्तर पत्ते असते तरी ते खेळले असते."

मला रडू आलं. ती माझ्याकडे चिडून बघत होती.

"का सांगितलंस? एवढी वर्षं मी गप्प राहिले."

"का राहिलीस?"

"ओझं उचलायला मला पाठ होती. तुझी पाठ केवढी होती?" मग म्हणाली, "सोआझिगला सांगितलंस?"

"लिहिलं."

"मूर्ख पोरगी. ती आता तुला खाईल."

"खाऊ दे."

"ती वाईट नाही," आई म्हणाली. "पण तिला थांबता येत नाही." मग म्हणाली, "त्या दिवशी तो पत्ता पुन्हा आला ना, तेव्हा मला खरंच वाटलं, लोइक नाही म्हणतोय. मी खोटं बोलले म्हणून. ती माफी मी मागायची नव्हतीच ना."

म्हणून ती भिंतीकडे वळली होती, सोआझिग. तुझ्या कौलावर तिने विश्वास ठेवला होता. तुझ्या त्या गोठ्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त.

मी तिला सांगितलं की तो पत्ता जाड आहे. दहा वेळा सांगावं लागलं, तिला कमी ऐकू येतं. शेवटी मी खाली जाऊन एक साधा कॅट मागून आणला, वृद्धाश्रमात असतोच, आणि गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यात घातला. तिने सहा वेळा कापलं. सहाही वेळा पुठ्ठा. मग तिने पत्ते माझ्या अंगावर फेकले आणि म्हणाली,

"मला कालवं आणून दे. सहा. त्या नोल्वेनला कळू देऊ नको."

तिने दोन खाल्ली. बाकीची चार मला खायला लावली.

मारिव्हॉन


५ डिसेंबर

सोआझिग,

कबरीचा कागद सोमवारी रजिस्टर पोस्टाने मिळाला. सही आहे, तारीख आहे. चिठ्ठी नाही. एक ओळ लिहिली असतीस तर मी ती वाचली असती, पण असो. मी तो आईला वाचून दाखवला. तिने कागद घेऊन उशीखाली ठेवला आणि तिथून काढू दिला नाही.

काल पहाटे ती गेली. नोल्वेन होती, मी नव्हते. घाई केली नाही, गडबड केली नाही, असं नोल्वेन म्हणते.

मंगळवारी सकाळी दहाला मिस्सा आहे, मग थेट दफनभूमी. तू ये. तुला येऊ नको म्हणायचा अधिकार मला राहिलेला नाही, आणि तुला मिठी मारायची ताकदही नाही. माझ्या शेजारी बसू नको. पांढरं घालून येऊ नको. तिथे कुणासमोर पत्ते काढलेस तर मी सगळ्यांदेखत ते हिसकावीन, हे लक्षात ठेव.

आईने जे सांगून ठेवलं ते असं. लग्नाचं कपाट फांशच्या नातवाला, त्याला लाकडाची कदर आहे. कालवं उघडायची सुरी नोल्वेनला, आणि सोबत माझ्या खोलीतली गरम शाल, ती आईची नाही, माझी आहे, पण आईने सांगितलं. घड्याळ तुला. "सोआझिगला दे, तिला नेहमी उशीर होतो," असं म्हणाली. मी शब्द बदललेले नाहीत. लेसची टोपी गावच्या संग्रहालयाने दोनदा मागितली होती, त्यांना द्यायची नाही, ती तिच्या डोक्यावरच राहील.

लोइकचा फोटो तू परत आण. तो तुझा नाही, माझाही नाही. तो तिच्या हातात जाईल. लोइकच्या डाव्या हाताची जागा तिची. माझ्यासाठी मी नव्या दफनभूमीत पार्किंगमागची एक जागा काल नोंदवली, ती मला पुरते.

मिस्सेच्या शेवटी फादर मला बोलायला वेळ देणार आहेत. त्यांना वाटतंय मी आईच्या कष्टांबद्दल बोलणार. तू मध्ये उठू नको, मला सावरायला येऊ नको, आणि 'ती दहा वर्षांची होती' असं कुणाला सांगत फिरू नको. ते मी सांगेन किंवा सांगणार नाही.

एक काम मात्र तुला करावं लागेल, कारण मी शवपेटीजवळ असेन. बेकरीवाली मादाम कॅरादेक येणार आहे. सत्तावन्न वर्षं तिने आईच्या हातात पाव दिला नाही, गल्ल्यावर ठेवायची, हाताला हात लागू नये म्हणून. आता चौऱ्याण्णव वर्षांची आहे, चाकाच्या खुर्चीत, आणि डाव्या कानाने तिला अजिबात ऐकू येत नाही. तिला पहिल्या बाकाशी आण. उजवा कान माझ्याकडे करून बसव.

मारिव्हॉन